ध्वनिमुद्रिकांसाठीं यंत्र निवडतांना

एकत्र कुटुंबांत कोणतीही वस्तु आणावयाची म्हटली म्हणजे तिची किंमत आधीं विचारली जाते आणि प्रयोजन मागाहून. आमच्या वडील बंधूंनीं जमविलेल्या दोनशेंवर ध्वनिमुद्रिका माडीवरील कपाटांत आहेत. बंधूंचें वय आतां ८२. वाचन सुटलें, फिरणें सुटलें. उरलें तें ऐकणें. जुनें यंत्र निकामी झालें तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, गाणीं मोबाईलवर मिळतात, कपाट रिकामें करावें. दुसरा म्हणे, व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर आणावा. त्याचा आवाज गोड असतो. पैसे आमच्या पेन्शनींतून जावयाचे असल्यामुळें निर्णय आमच्याकडे आला. त्या निमित्तानें जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

तबकडीवर सुई फिरूं लागली कीं कार्ट्रिजमध्यें उत्पन्न होणारा विद्युद्दाब अत्यल्प असतो. ‘मूव्हिंग मॅग्नेट’ जातींत तो सुमारें ५ मिलिव्होल्ट, तर ‘मूव्हिंग कॉइल’ जातींत बहुधा अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी असतो. पहिला सुमारें शंभरपट, दुसरा सुमारें हजारपट वाढवावा लागतो. हें काम यंत्रांतील फोनो विभागाचें. आपलें कार्ट्रिज कोणत्या जातीचें, हें दुकानांत जाण्यापूर्वींच पाहून ठेवावें. आमचें पहिल्या जातीचें निघालें, म्हणून दुसऱ्या जातीच्या सोयीचे पैसे वांचले.

या विभागाचें दुसरें काम अधिक नाजूक आहे. खर्जाचे स्वर पुऱ्या जोरानें कोरले तर चर फार रुंद होऊन तबकडीवर जागा पुरत नाहीं. म्हणून ते कोरतांना दाबतात. उलट बारीक, उंच स्वर मुद्दाम उचलतात, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीनें ते झांकले जात नाहींत. ऐकतांना हें सर्व उलट करून मूळ रूप परत आणावयाचें. त्यासाठीं अमेरिकेंत १९५४ सालीं ठरलेला ‘आर. आय. ए. ए.’ नांवाचा नियम पुढें बहुतेक सर्वत्र रूढ झाला. १००० हर्ट्झच्या मानानें २० हर्ट्झचा स्वर सुमारें १९ डेसिबल वाढवावयाचा, आणि २०,००० हर्ट्झचा जवळजवळ तितकाच उतरवावयाचा. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या आम्हांस हें चटकन् पटलें. संधि ज्या नियमानें झाला त्याच नियमानें तो सोडवावा; नाहींतर पदच्छेद चुकतो आणि अर्थ बिघडतो. १९५४ पूर्वींच्या तबकड्या मात्र आर्ष प्रयोगांसारख्या. त्यांचे नियम कंपनीपरत्वें निराळे. बंधूंच्या संग्रहांत ७८ फेऱ्यांच्या अशा वीसेक आहेत. त्यांसाठीं रुंद टोकाची वेगळी सुई घेतली, आणि नियम बदलण्याची कळ असलेलें यंत्र पसंत केलें.

“वयोवृद्ध कानांना एवढी शुद्धता कशाला?” असें घरांत विचारलें गेलें. आमचें मत नेमकें उलट आहे. उतारवयांत उंच स्वर ऐकण्याची शक्ति प्रथम क्षीण होते, आणि शब्दांतील स, श, त यांसारख्या व्यंजनांचा स्पष्टपणा त्याच स्वरांवर अवलंबून असतो. गोडव्याच्या नांवाखालीं यंत्रानें तेही बोथट केले, तर म्हाताऱ्या माणसाला चाल ऐकूं येईल, पण पद कळणार नाहीं. म्हणून नियमापासून अंतर अर्ध्या डेसिबलच्या आंत आहे ना, हें आम्हीं माहितीपत्रकांत प्रथम पाहिलें.

मग व्हॉल्व्हच कां? शुद्धतेसाठीं त्याची गरज नाहीं. ट्रान्झिस्टरचें यंत्र तें काम तितकेंच चोख आणि कमी खर्चांत करतें. परंतु १९४७ सालीं निघालेला ‘१२ एएक्स ७’ हा व्हॉल्व्ह आजही तयार होतो आणि बिघडल्यास काढून दुसरा बसवितां येतो. शिवाय बंधूंचें तरुणपण व्हॉल्व्हच्या रेडिओजवळ गेलें. त्याच्या मंद उजेडाचें त्यांना प्रेम आहे. हें कारण शास्त्रीय नसलें तरी आम्हीं तें हिशेबांत धरलें.

घेण्यापूर्वीं दोन परीक्षा घरींही करतां येतात. तबकडी न लावतां आवाज नेहमींइतका वाढवून आपल्या जागेवर बसावें. गुणगुण ऐकूं आल्यास टर्नटेबलची अर्थिंगची तार तपासावी, आणि तरीही ती राहिली तर यंत्र परत करावें. मग पेटीवर बोटानें हलकेंच टिचकी मारावी; स्पीकरांतून टणत्कार उमटला तर व्हॉल्व्ह सदोष समजावा. यंत्राच्या पोटांत दोनशें व्होल्टांहून अधिक दाब असूं शकतो आणि बटण बंद केल्यावरही तो कांहीं काळ टिकतो. म्हणून तें मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंचीवर, मोकळ्या हवेंत ठेवावें आणि घरीं उघडूं नये.

तबकडीची एक बाजू सुमारें वीस मिनिटांत संपते व कोणींतरी उठून ती उलटावी लागते. बंधूंचे हात आतां थरथरतात, त्यामुळें नातवंडांपैकीं एकजण तेथें बसतोच. मोबाईलवर गाणीं मिळालीं असतीं. ही सोबत मिळाली नसती. ज्यांच्या घरीं असें कपाट असेल त्यांनीं यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं तें कोणाच्या कानांसाठीं घ्यावयाचें हें ठरवावें. पुढची निवड मग फारशी अवघड राहत नाहीं.