सगळ्यांच्या वहीत एकच चूक



यंदा जुलैमध्ये मी फळ्यावर सुविचार लिहिताना 'उज्ज्वल'ऐवजी 'उज्वल' लिहून बसले. चौथीच्या एकतीस मुलांनी तो छान अक्षरात उतरवून घेतला. वह्या तपासताना मलाही काही खटकलं नाही, कारण सगळ्यांचं सारखंच होतं. दुसऱ्या दिवशी एका पालकांनी चूक दाखवून दिली. मुलांची नक्कल अगदी तंतोतंत होती, मूळच चुकलं होतं!

हा प्रसंग पुन्हा आठवला तो दिवाळीनंतर. शाळेला सात जुने संगणक देणगीत मिळाले. त्यावर डेबियन ही मोफत प्रणाली टाकायचं मी ठरवलं. त्यासाठी इन्स्टॉलेशन इमेज लागते. इमेज म्हणजे इथे चित्र नव्हे बरं का! प्रणाली बसवायला लागणारं सगळं साहित्य एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधलेलं असतं, तिला इमेज म्हणतात. मी ती घरी मोबाइलच्या नेटवर उतरवली. मध्येच रेंज गेली, लाईट गेली, तरी सकाळी फाइल तयार दिसली. ती पेन ड्राइव्हवर घेऊन शाळेत गेले.

पहिला संगणक अर्ध्यावर अडकला. दुसराही. सातही अडकले. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, जुनाट माल आहे हा. भंगारात देऊन टाकू." मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. तेवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, सगळे एकाच जागी अडकले. 'उज्ज्वल'सारखं फळ्यावरच चुकलं असेल का?"

खरंच की! सात वेगवेगळे संगणक एकाच टप्प्यावर कसे बिघडतील? चूक सातांमध्ये नव्हती, त्यांना दिलेल्या एका फाइलमध्ये होती.

आरसे आणि ठसे

आता थोडं मागे जाऊ. १९९३ मध्ये सुरू झालेली डेबियन जगभर वापरली जाते. सगळ्यांनी एकाच सर्व्हरवरून ती उतरवायची म्हटलं तर तो सर्व्हर कोलमडेल. बालभारतीची पुस्तकं जशी विभागीय भांडारांतून पुढे येतात, तसंच इथेही आहे. मूळ सर्व्हरवरच्या फाइलींची हुबेहूब नक्कल जगभरातली विद्यापीठं आणि संस्था आपापल्या सर्व्हरवर ठेवतात. त्यांना मिरर म्हणतात. आपल्याकडे आयआयटी कानपूरसारखी संस्थाही अशी सेवा देत आली आहे.

रोज सगळंच नव्याने कॉपी करायचं का? नाही. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' नावाचं साधन तयार केलं. ते दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहतं आणि बदललेला भागच पाठवतं. डेबियनच्या मिररवर आणखी एक शिस्त पाळतात. नवी पॅकेजं आधी येतात, त्यांची यादी नंतर बदलते. आपणही पुस्तक कपाटात आल्याशिवाय ग्रंथालयाच्या रजिस्टरला चढवत नाही ना?

मग नक्कल बरोबर झाली हे कसं कळणार? त्यासाठी चेकसम असतो. संपूर्ण फाइलवर गणिती प्रक्रिया करून एक ठसा काढतात. शा-२५६ पद्धतीचा ठसा ६४ चिन्हांचा असतो. फाइलमधलं एखादं अक्षर जरी बदललं तरी ठसा पार बदलतो. डेबियन प्रत्येक इमेजसोबत असा ठसा प्रसिद्ध करते. मी माझ्या फाइलचा ठसा काढला. पहिलं चिन्हच जुळेना! फाइल पुन्हा उतरवली, ठसा जुळवला, मगच पेन ड्राइव्हवर घेतली. सातपैकी सहा संगणक सुरू झाले. सातवा मात्र खरंच बिघडलेला निघाला.

पण मूळच चुकलं असेल तर?

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ठसा जुळला याचा अर्थ नक्कल मुळासारखी आहे, एवढाच. मूळ बरोबर आहे याची हमी ठसा देत नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि एका इमेजची लिंक छुपा चोरदरवाजा ठेवलेल्या फाइलकडे वळवली गेली. जो लिंक बदलू शकतो, तो शेजारचा ठसाही बदलू शकतो. म्हणून डेबियन ठशांच्या यादीवर डिजिटल सही करते. ती यादी खरंच त्यांच्याकडूनच आली का, हे त्या सहीवरून तपासता येतं.

आपल्याला हे नवं नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत उतरवून घेताना पाठभेद शिरले होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढच्या नकलांसाठी मूळ नीट करणं हेच ते काम.

वर्गात करून पाहा

एका मुलाच्या कानात ४७३८२ ही संख्या सांगा. कानगोष्टीने ती दहाव्या मुलापर्यंत जाऊ द्या. अंकांची बेरीज २४ फळ्यावर लिहून ठेवा. शेवटी बेरीज जुळते का पाहा. आमच्या वर्गात ४७८३२ अशी संख्या आली, तरी बेरीज २४च! मुलं चक्रावली. मग आम्ही पहिला अंक गुणिले १, दुसरा गुणिले २ असं करत बेरीज केली. आधीच्या संख्येची ६९ आली, नंतरच्या संख्येची ६४. चोरी पकडली! चांगला चेकसम अंकांची जागासुद्धा का पाहतो, हे मुलांना आपोआप कळलं.

शिक्षक मित्रांनो, आपण फळ्यावर लिहितो ते एकतीस वह्यांत जातं, वहीतून घरात जातं. पालकहो, घरातलं आपलं बोलणंही मुलं असंच उतरवून घेतात. म्हणून सगळ्या वर्गाची एकच चूक दिसली की मुलांवर रागावण्याआधी मी आता फळ्याकडे वळून बघते. तुम्हीही बघा. आणि चूक दाखवणाऱ्या पालकांचे, मुलांचे आभार मानायला विसरू नका. आमचे सहा संगणक त्यामुळेच भंगारात गेले नाहीत.