अर्ध्या तासाचं गणित

संपादकांनी कळवलं, ‘दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ, सोपं करून लिहा.’ उड्डाणांची आखणी करण्यात माझी उभी नोकरी गेली. सोपं करतो, पण खरं गाळून नाही. चिखलीच्या एका विद्यार्थ्याने परवा विचारलं, ‘काका, बुलढाण्याला विमानतळ झालं तर अर्ध्या तासात मुंबई ना?’ तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

पृथ्वीच्या गोलाईवरची सर्वांत जवळची वाट धरली, तर बुलढाणा ते मुंबई सुमारे ३८० किलोमीटर. ताशी ८०० ने भागलं की अर्धा तासही लागत नाही. भागाकार बरोबर, उत्तर निरुपयोगी. जेट विमानाला तो वेग दहा-अकरा किलोमीटर उंचीवर मिळतो, आणि इतक्या थोड्या अंतरात चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू होतं.

मुंबई-नागपूर घ्या. सरळ रेघ सुमारे ६८५ किलोमीटर. चिखली आणि मेहकरच्या मधून ती आपला बुलढाणा जिल्हा ओलांडते. समृद्धी महामार्ग ७०१, रेल्वे ८३७. भागाकाराने विमानाला पाऊण-एक तास पुरायला हवा. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास असतो. ‘कंपन्या वेळ फुगवतात’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता थकवा येतो. थोडी सोय ठेवलेली असते, नाकारत नाही. पण वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतोच. विमान जागेवरून हललं तिथून, ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा तो असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत, म्हणून कधी जमिनीवर रांग, कधी आभाळात घिरट्या. शिवाय वारा. हिवाळ्यात वरच्या थरातले पश्चिमी वारे नागपूरकडे जाताना पाठीवर असतात, परतताना तोंडावर. पावसाळ्यात तेच उलटं. वर्षभर खरा ठरेल असा एकच आकडा कोणी प्रामाणिक माणूस देणार नाही.

चढणं, उतरणं, रांग यांचा वेळ अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. म्हणून प्रवास जितका छोटा, तितकी विमानाची बचत तोकडी. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. गाडीसाठी राजूर घाट उतरून मलकापूर स्थानक गाठायचं, पंचेचाळीस किलोमीटर. विमानासाठी छत्रपती संभाजीनगर, सुमारे दीडशे. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. म्हणजे तासाभराच्या उड्डाणासाठी घरून चार-पाच तास आधी निघायचं.

जो वेळ वाचवायचा आहे तो जमिनीवर आहे. कापसासाठी १८७० मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा झाला. खामगाव-जालना मार्गाची मागणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं: विमानतळ जरूर मागा, पण आधी ही रेल्वे मागा. मुंबई बुलढाण्याच्या जवळ येईल ती तिच्यामुळे.