बुरशी कोणाचं नाव घेत नाही

१० जून २०२४

रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी शटर वर केलं तर पायरीवर गिऱ्हाईक आधीच बसलेलं. बहुतेकांना कपाशी नाहीतर मका हवा. बाजरीचं बी मागणारे आता थोडे उरलेत, तेही मुरमाड रानातले. त्यातले एक आजोबा घरचंच बियाणं पिशवीत घालून आले होते. "ताई, मागं एका साली कणसातून मध गळत होता बघा. मुंग्या लागल्या होत्या. औंदा तसं होऊ नये."

मध गळत होता म्हणजे अरगट. बाजरी फुलोऱ्यात असताना झड लागली की ही बुरशी कणसात शिरते. आधी गुलाबीसर चिकट थेंब, मग दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठ. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकायचं. गाठी आणि पोकळ दाणे तरंगतात, ते काढून जाळायचे. खाली बसलेलं बी दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवायचं. हे सगळं त्यांना कागदावर लिहून दिलं.

जाता जाता ते सहज बोलले, "त्या साली तसंच दळून खाल्लं आम्ही. सून ओकली, दोन दिवस गुंगीत पडून होती. बायका म्हणाल्या, शेजारणीनं काहीतरी चारलं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. अजून बोलणं नाही त्या घराशी."

१३ जून

आजोबांचं बोलणं डोक्यातून जात नाही, कारण त्यांची सून कशानं आजारी पडली असावी हे कागदोपत्री नोंदलेलं आहे. १९५६-५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन माणसं आजारी पडली होती. १९७५ मध्ये राजस्थानात तेच झालं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. मळमळ, उलट्या, चक्कर आणि लांबलेली गुंगी ही त्याची लक्षणं. एक-दोन दिवसांत माणूस उठून बसतो.

युरोपातल्या राय धान्यावरची अरगट हिची बहीण, पण स्वभावानं फार वाईट. तिच्या विषानं हातापायांची बोटं काळी पडून झडायची, नाहीतर झटके यायचे, अंगावर मुंग्या फिरल्यासारखं व्हायचं, भास व्हायचे. त्याच बुरशीच्या रसायनांवर काम करताना स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी तयार केलं आणि १९४३ मध्ये त्याचा परिणाम स्वतःच अनुभवला.

इथूनच ती प्रसिद्ध उपपत्ती निघाली. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावात नऊ आणि अकरा वर्षांच्या दोन मुली किंचाळू लागल्या, अंग वेडंवाकडं करू लागल्या, कोणी टोचतंय म्हणू लागल्या. वैद्यानं यामागे दुष्ट शक्तीचा हात असल्याचं सांगितलं. वर्ष सरायच्या आत एकोणीस माणसं चेटकाच्या आरोपावरून फासावर गेली. त्यांत चौदा बायका. एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. १९७६ मध्ये लिंडा कॅपोरेल या संशोधिकेनं 'सायन्स' नियतकालिकात मांडलं की त्या मुलींच्या भाकरीत अरगट असावी. आदल्या वर्षीचा उन्हाळा दमट, जमीन दलदलीची, पीक रायचं. वाचताना वाटतं, कुलूप उघडलं.

१६ जून

उघडलेलं नाही. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात निकोलस स्पॅनोस आणि जॅक गॉटलीब यांनी ही उपपत्ती पार खिळखिळी केली. एका चुलीवरची भाकरी सगळं घर खातं; मग झटके फक्त काही मुलींनाच कसे? झटक्यांची अरगट मुख्यतः जीवनसत्त्व अ कमी पडणाऱ्या ठिकाणी आढळलेली. सेलमकडे दूधदुभतं आणि मासे होते. मला सर्वांत पटला तो मुद्दा कचेरीतला. आरोपी बाई आत आली की मुली कोसळायच्या आणि तिचा हात लागला की शांत व्हायच्या. पोटात गेलेल्या विषाला दारातून कोण आलं ते दिसत नाही.

तरीही अरगटीची गोष्ट लोकांना फार आवडते. मला त्याचं एकच कारण दिसतं. बुरशीवर ढकललं की कोणाच्याच हाताला रक्त लागत नाही.

२ जुलै

तणनाशकासाठी आलेल्या एका बाईनं दुकानात कोणी नाही असं बघून आवाज खाली केला. जावेच्या मुलीच्या अंगावर फुल्या उठल्यात. दंडावर, पोटावर, काळ्या, भाजल्यासारख्या. मुलगी सतरा वर्षांची. रात्री घुमते, कुत्र्यासारखा आवाज काढते. बाहेरचं बघायला एकाकडे नेलं, त्यानं सांगितलं भावकीतल्याच एका बाईनं करणी केलीय. कोणती बाई? नवरा गेलेली, एकटी राहणारी, जिच्याशी बांधाचा वाद तहसीलपर्यंत गेलाय ती.

"तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला हे पटायचं नाही."

मी म्हटलं, फुल्या खऱ्या आहेत हे मला पटतं.

भानामतीच्या घरांत अशा फुल्या उठल्याचं मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या ऐकू येतं. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की ती काळवंडते, फोड येतात, खाज सुटते. धोबी कपड्यांवर निशाणी करायला हेच तेल वापरत. बिब्बा आपल्याकडे घराघरात असतो. बाळंतिणीच्या औषधाला लागतो, दृष्ट काढायलाही लागतो. कपडे पेटतात, ताटात घाण पडते, डोळ्यांतून खडे निघतात, या सगळ्यामागे घरातलाच एखादा हात असतो हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पुन्हा पुन्हा दाखवलं. श्याम मानव यांनी या विषयावर खूप काम केलं, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी लिहिलं. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो हात सापडला तरी त्याची गावात छी-थू होऊ द्यायची नाही. तो बहुतेकदा अशा माणसाचा असतो ज्याला घरात तोंड उघडून काही सांगता येत नाही. मुलीला लग्न नको असतं, सून मार खात असते, कोणाचा हात अंगाला लागलेला असतो. जे तोंडानं सांगता येत नाही ते अंगावर उमटतं. भुंकणंही सोंगच असतं असं नाही. मनावरचा ताण असह्य झाला की शरीर असं वागतं आणि त्या माणसाला त्याची शुद्धही नसते. बंगळुरूच्या निमहान्समधल्या डॉक्टरांनी भानामतीवर १९८९ साली इंग्लंडच्या मानसोपचार नियतकालिकात लेख लिहिला, म्हणजे वैद्यकानं या दुखण्याची दखल कधीच घेतली आहे.

मी त्या बाईंना एवढंच सांगितलं, मुलीला घाटी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा, आणि तिच्या आईला एकटीला तिच्याजवळ बसू द्या, काही न विचारता.

१९ जुलै

आजच्या तारखेला १६९२ मध्ये सेलममध्ये पाच बायका एकदम फासावर दिल्या.

या साऱ्याच्या सुरुवातीला नावं घेतली गेली ती तिघींची. टिटुबा गुलाम होती. सारा गुड दारोदार मागून खायची. सारा ऑस्बोर्नचा नवरा वारल्यावर तिनं घरच्या गड्याशी लग्न केलं आणि पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून मुलांच्या वारशाचा तंटा उभा राहिला. समोर पटनम घराण्याची सोयरीक होती. मुलींच्या बाजूनं तक्रारी गुदरण्यात हेच पटनम पुढे. आज फासावर गेलेल्यांत सारा गुड आहे आणि रेबेका नर्सही, सत्तरी ओलांडलेली, देवभोळी. तिच्याही घराचे त्यांच्याशी जमिनीचे वाद. ज्यांनी चेटूक केल्याचं कबूल केलं त्यांना फाशी झाली नाही. खरं बोलल्या त्या मेल्या.

अमेरिकेतलं गाव, सव्वातीनशे वर्षांपूर्वीचं. बांधाचा वाद, एकटी बाई, भावकी. या महिन्यात माझ्या काउंटरवर ऐकलं तेच.

२० ऑगस्ट

दाभोलकरांना जाऊन आज अकरा वर्षं झाली. पुण्यात पुलावर सकाळी फिरताना गोळ्या घातल्या. या मे महिन्याच्या दहा तारखेला निकाल लागला. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत निघाला आणि २०१३ च्या डिसेंबरात कायदा झाला.

कायद्याची अनुसूची आज पुन्हा वाचली. भूत उतरवायच्या नावाखाली दोरखंडानं बांधणं, छताला टांगणं, मिरचीची धुरी देणं, हे सगळं त्यात गुन्हा म्हणून लिहिलंय. अमुक बाई करणी करते, भूत लावते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हाही गुन्हा. दुधाचं वाचून थांबले. गाईच्या सडातून गाठी येऊ लागल्या की कासदाह झालेला असतो, जनावरांचा डॉक्टर तो बरा करतो. आमच्याकडे आधी लिंबू शोधतात गोठ्यात.

११ सप्टेंबर

आठवडाभर झड आहे. बाजरीची काळजी वाटते.

दुकानात बसून मला एक गोष्ट जवळून दिसते. विषानं माणसाचं वागणं किती बदलतं ती. फवारणीचं औषध अंगात गेलेल्या माणसाला घाम फुटतो, तोंडाला लाळ येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तो भलतंच बडबडतो. धोतऱ्याच्या बियांनी याच्या उलट: तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, समोर नसलेली माणसं दिसतात, रोगी हवेत काहीतरी वेचत राहतो. धोतऱ्यात असतं तेच ॲट्रोपिन दवाखान्यात फवारणीच्या विषबाधेवर उतारा म्हणून टोचतात. उकिरड्यावर उगवणाऱ्या झुडपातलं द्रव्य शेतकऱ्याचा जीव वाचवतं.

मेंदूचेही आजार आहेत. फेफरं तर गावोगाव आहे आणि अजून कांदा-चपलेचा वास देतात. पिसाळलेलं कुत्रं चावलं की काही आठवड्यांनी घसा आवळतो, पाणी दिसलं तरी झटका येतो; तोवर वेळ गेलेली असते, म्हणून लस चावल्या चावल्याच घ्यायची. झोपेतून जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, हा तर धडधाकट माणसालाही येणारा अनुभव. आणि एक आजार डॉ. जोसेप डाल्माऊ यांनी २००७ मध्ये ओळखला: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. बहुतेकदा तरुण मुली. आठवड्यात स्वभाव पालटतो, संशय, किंचाळणं, तोंड वेडंवाकडं, झटके. कित्येकींच्या अंडाशयात गाठ असते. गाठ काढली, औषधं वेळेवर दिली तर बहुतेक मुली सावरतात. २००७ च्या आधी अशा किती मुलींना खांबाला बांधलं असेल.

२४ सप्टेंबर

जुलैतल्या 'त्या' बाई आल्या होत्या. मुलीला घाटीत नेलं, दोनदा. घुमणं कमी झालंय. ठरलेलं लग्न मोडलं, ते मुलीला नकोच होतं. पण करणीचं नाव जिच्यावर आलं ती माहेरी निघून गेली. तिचं रान यंदा दीर पेरतोय.

आजार बरा झाला, आरोप तसाच राहिला.

१० ऑक्टोबर

नवरात्र. लासूरच्या दाक्षायणी देवीला अलोट गर्दी, संध्याकाळच्या गाडीतही उभं राहायला जागा नाही. ओवाळणाऱ्या बायकांत काहींच्या अंगात येतं. त्यांना कोणी चेटकीण म्हणत नाही, पाया पडतात. घुमणं तेच. देवळात त्याला मान, घरात त्याची भीती. आणि कोणत्या वेळी काय ठरवायचं हे घुमणारीच्या हातात कधीच नसतं.

न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर लिहिताना चेटूक शोधून शिक्षा करायला नेमलेल्या सरकारी माणसांचा उल्लेख केला आहे. सातपुड्यात आणि डांगात डाकीण ठरवलेल्या बाईला झाडाला उलटी टांगून झोके देत, डोळ्यांवर मिरची बांधत, ती कबूल करेपर्यंत. नंदुरबारच्या डोंगरात डाकीण म्हणून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या अजून येतात. या साऱ्या बायकांची प्रकृती ठणठणीत होती. आजारी होतं ते दुसरंच कोणी. म्हणून 'चेटकिणींच्या विचित्र वागण्याचं कारण काय' हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. बुरशी, धोतरा, फेफरं, मनाचा कोंडमारा, ही कारणं झपाटलेल्या माणसाची. ती शोधायलाच हवीत, कारण त्यानं एक जीव वाचतो. दुसरा जीव वाचवायला मात्र जमिनीचे उतारे बघावे लागतात, भावकीतले दावे बघावे लागतात, आणि नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं ते विचारावं लागतं.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. घरात कोणी विचित्र वागू लागलं तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. आणि कोणी जाणता एखाद्या बाईचं नाव सांगू लागला तर ते नाव गावात फिरायच्या आत पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.