राखेची वीट

आम्हांपैकी अनेकांचे बालपण पुण्याभोवतीच्या वीटभट्ट्यांवर, नाहीतर उसाच्या फडांत गेले. भट्टीसाठी सुपीक माती खणली जाते, कोळसा जळतो आणि त्याचा धूर लगतच्या खोपटांतील मुलांच्या छातीत उतरतो. दुसरीकडे साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये चिपाडे जळून उरलेली राख टाकाऊ ठरते.

नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2014च्या सुमारास ही दोन टोके जोडणारी वाट दाखवली. या राखेत सिलिका असते. ओलाव्यात चुन्याशी तिचा संयोग झाला की सिमेंटसारखा बंध तयार होतो. राख, दगडखाणीतील भुकटी आणि चुना यांची वीट भट्टीत न भाजता घट्ट होते, वजनालाही हलकी भरते. माती वाचते, कोळसाही वाचतो.

तथापि एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही: भट्टी विझली, तर तिच्यावर पोट असलेल्यांनी जावे कोठे? वीट नवी आणि वेठ जुनीच, असे होऊ नये. सम्यक आजीविकेत वस्तू निर्मळ असावी लागते, तशीच ती घडवणाऱ्या हातांना रास्त मजुरी आणि त्यांच्या लेकरांना शाळाही मिळावी लागते. आपल्या शाळेतून उद्या जे अभियंते घडतील, त्यांनी हे दोन्ही हिशेब मांडावेत, एवढीच आमची अपेक्षा.