सिंदफणेकाठच्या हौदासाठी देशी पाणवनस्पती

शिरूर कासार
ज्येष्ठ

चि. पुतण्यास,

मराठवाड्यातली तळी पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात आटतात. इथल्या पाणवनस्पती या भरण्या-आटण्यालाच सरावलेल्या आहेत, म्हणून घरच्या हौदात त्यांनाच पहिला मान द्यावा.

त्यांपैकी कुमुदाचा कंद गाळात असतो, पाने पाण्यावर पसरतात. तळे आटले की पाने जातात, पण कंद सुकल्या चिखलात तग धरतो आणि पाणी आले की पुन्हा फुटतो. लागवड मृगाचा पाऊस झाल्यावर करावी. पसरट टोपलीत काळी माती भरून कंद कोंब वर ठेवून लावावा आणि वर जाड वाळूचा थर द्यावा, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. कोकोपीट तरंगते, ते वापरू नये. ताजे शेणही घालू नये, त्याने पाणी हिरवे होते. आधी टोपलीवर वीतभर पाणी ठेवावे. पाने वाढतील तसे दीड-दोन फुटांपर्यंत न्यावे. फुलांसाठी रोज पाच-सहा तास ऊन लागते.

कुमुदिनी, म्हणजे निम्फॉइडिस इंडिका, लहान हौदाला अधिक सोयीची. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांवर दाट मऊ तंतू असतात आणि फुलाचा गळा पिवळा असतो. पानाखाली देठाला जिथे फुलांचा झुबका लागतो तिथेच मुळेही फुटतात. तेवढा तुकडा ओल्या चिखलात दाबला की नवे रोप तयार होते.

मुळे न रोवता तरंगणाऱ्यांत अझोला पिनाटा देशी आहे. तिचे रोप त्रिकोणी आणि मुळे पिसासारखी असतात. पानांच्या पोकळीत राहणारे ॲनाबीना हे सूक्ष्मजीव हवेतला नत्र बांधतात. पारा पस्तिशीपुढे गेला की ती मंदावते, म्हणून उन्हाळ्यात हिरव्या जाळीची सावली करावी.

या साऱ्यांनी मिळून निम्म्याहून थोडाच अधिक पृष्ठभाग झाकावा. पाणी गार राहते, शेवाळ कमी होते. उघड्या भागातून हवा पाण्यात मिसळते आणि मासे तगतात.

जलपर्णी आणि साल्व्हिनिया मोलेस्टा या दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पती मात्र हौदात आणूच नयेत. ओसंडलेल्या पाण्याबरोबर त्या सिंदफणेत उतरतात आणि पुढे माजलगावचे धरण व गोदावरी आहे. देशी रोपेही जास्त झाली तर नदीत न टाकता खताच्या खड्ड्यात घालावीत. त्यातली अझोला तर कोंबड्या आणि जनावरे आवडीने खातात.

कळावे,
तुझा काका