खाते बुडाले, जमीन राहिली

आमचे वडील महसूल खात्यात नोकरीस लागले ते १९५६ साली, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला त्या सुमारास. परंतु गिरदावर, पेशकार, फसली साल हे निजामी अमदानीतले शब्द त्यांच्या जिभेवरून अखेरपर्यंत उतरले नाहीत. निवृत्तीनंतर लातूरच्या घरी संगणक आला, तेव्हा त्यांनी आठवणी सांगाव्यात आणि मी त्या श्रीलिपीत टंकाव्यात, असा आमचा परिपाठ पडला. त्यांत सर्वांत विस्तृत प्रकरण किल्लारीच्या भूकंपाचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गावे जमीनदोस्त झाली आणि पंचनाम्यास गेलेल्या वडिलांना असे दिसले, की दप्तरात प्रत्येक नाव शाबूत आहे, जागेवर मात्र कोणाचा उंबरठा कोणता हे ओळखू येत नाही.

हा सारा मजकूर हार्ड डिस्कच्या ‘डी’ भागात होता. पुढे मी नांदेडला बिऱ्हाड केले. तेथे भारनियमनाच्या दिवसांत, डिस्कच्या भागांची फेरआखणी चालू असतानाच वीज गेली, आणि ती परतली तेव्हा ‘डी’ नाहीसा झाला होता. वडीलही तोवर गेले होते.

वजिराबादेतील ज्या तरुण कारागिराकडे डिस्क नेली, तो प्रथम एवढेच म्हणाला, “काका, आता हिच्यावर काही लिहू नका.” मग त्याने सांगितले ते असे: डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा, त्यातील अवघ्या ६४ बाइटांत चार मुख्य भागांच्या नोंदी, म्हणजे कोणता भाग कोठून सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढेच. ती नोंद गेली, की यंत्राच्या लेखी सारी जमीन बेवारस. मजकूर मात्र जागच्या जागी असतो. प्रत्येक भागाच्या आरंभी त्याची स्वतःची ओळख कोरलेली असते, आणि क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली ‘टेस्टडिस्क’ ही मोफत आज्ञावली हद्दीचे हे दगड शोधीत जाऊन पुसलेला नकाशा पुन्हा मांडते.

कारागिराने आधी संपूर्ण डिस्कची नक्कल दुसरीवर उतरवली आणि मग शोध सुरू केला. काळ्या पडद्यावर आकडे सरकत राहिले, एक ओळ हिरवी झाली, आणि ‘पी’ची कळ दाबताच फाइलींची यादी उलगडली. पहिली उघडली तर रोमन अक्षरांचा निरर्थक कालवा. श्रीलिपीचा फॉन्ट बसवल्यावरच त्यातून वडील बोलू लागले. किल्लारीत नोंदी उरून घरे गेली होती. येथे नोंद जाऊन घरे उरली होती.

तेव्हापासून मला वाटत आले आहे, की नोंद पुसणाऱ्यापेक्षा त्या जागेवर घाईने नवी वहिवाट सुरू करणारा अधिक घातकी. गमावलेले परत मिळवण्याच्या कामी पहिला पुरुषार्थ हात आवरण्याचा असतो. मात्र आजच्या एसएसडीत ही सवलतही बहुधा उरत नाही: फाइल पुसली, की ‘ट्रिम’ नावाच्या व्यवस्थेमुळे ती जागा यंत्र आपणहून साफ करते. विस्मृती आणि विनाश यांच्यामधली जी मुदत आमच्या पिढीला फुकट मिळाली, ती पुढच्यांना आगाऊ कमवावी लागेल. म्हणून आधी नक्कल, मग फेरफार, हा वडिलांचा कचेरीतला शिरस्ता मी घरातल्या मुलांना संगणकासाठी घालून दिला आहे.