पुंगोलची फेरी आणि फोनचा जीव

पुंगोल हा शब्द मूळ मलय. झाडावर काठी फेकून फळं पाडणे, असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे आपल्या कैऱ्या पाडण्यासारखंच! आता इथे त्या फळबागाही नाहीत आणि डुकरं पाळण्याचे जुने फार्मही नाहीत. २००३ साली एम.आर.टी. आली, २०११ साली ४.२ किलोमीटरचा वॉटरवे खुला झाला आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना फिरवायला आम्हा पुंगोलकरांना हक्काची जागा मिळाली. पाण्याच्या काठाकाठाने जेट्टी, तिथून पुढे कोनी बेट. अर्धा दिवस मजेत जातो. पण मंडळी, पाय थकण्याआधी फोन थकतो!

याची कारणं साधी आहेत. भर उन्हात पडदा दिसावा म्हणून फोन ब्राइटनेस वाढवतो आणि बॅटरी भराभर उतरते. त्यात नागपूरच्या मावशीला व्हिडिओ कॉलवर समुद्र दाखवायचा असतो. तिसरं कारण मात्र खास इथलं. जेट्टीसमोरच जोहोरचा किनारा आहे. फोनला तिकडचे टॉवर मिळतात आणि इथे उभ्या-उभ्या 'मलेशियात स्वागत' असा संदेश येतो! अशा सीमेवर नेटवर्क शोधत बसण्यातही बॅटरी खर्च होते. म्हणून नेटवर्कची आपोआप निवड बंद करून आपली इथली कंपनी निवडून ठेवावी.

पॉवर बँक तर हवीच, पण तिचं गणित समजून घ्यावं. तिच्यावरचा १०,००० एम.ए.एच. हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बाहेर ५ व्होल्ट देताना आकडा घटतो, थोडी ऊर्जा उष्णतेतही जाते आणि हाती साधारण ६,००० ते ६,५०० उरतात. ५,००० चा फोन एकदा भरतो, दोनदा नाही. विमानात ती हातातल्या सामानातच न्यायची. १०० वॉट-तासांपर्यंत चालते. २०,००० ची म्हणजे ७४ वॉट-तास, तेव्हा काळजी नाही. मात्र १ एप्रिल २०२५ पासून सिंगापूर एअरलाइन्सने विमानात ती वापरायला बंदी केली आहे.

मॉलमध्ये भाड्याने पॉवर बँक देणारी यंत्रं असतात. गंमत अशी, की बहुतेक यंत्रांना आधी फोनवरून कोड स्कॅन करावा लागतो. फोन मेलेला असेल तर काय करता?

गेल्या डिसेंबरात आमचे बाबा, वय ७६, एकटेच कोनी बेटाकडे फिरायला गेले. बेटावर दिवे नाहीत आणि फाटक संध्याकाळी सातला बंद होतं. साडेसात झाले, आठ झाले, फोन लागेना. आमचा जीव टांगणीला. सव्वाआठला बाबा एका शाळकरी मुलीबरोबर खाली उभे! फोन बंद पडल्यावर बसथांब्यावर त्यांनी तिला खिशातली डायरी दाखवली होती. पत्ता लिहून घेतल्याशिवाय परगावी फिरायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.

इथे ब्लॉक सगळे सारखेच दिसतात, पण १९९५ पासून प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी पोस्टल कोड आहे. आपला पिनही सहा आकडी. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो १९७२ साली आणला, पण तो अख्ख्या भागाचा असतो. इथे तेवढे सहा आकडे सांगितले तरी टॅक्सीवाला दारात आणून सोडतो.

तेव्हा आई-बाबा आले की चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर द्याच, पण त्यांच्या खिशात एक चिठ्ठीही ठेवा: ब्लॉक, पोस्टल कोड आणि दोन फोन नंबर. बसचं भाडंही फोनवर न ठेवता वेगळं कार्ड द्या. आणि रविवारी जेट्टीवर भेटलात तर हाक मारा, आमच्या पिशवीत वायर असतेच!